सपोर्ट संपलेला अँटीव्हायरस कंपनीच्या नेटवर्कवर सापडला तर: शोधण्यापासून काढून टाकण्यापर्यंत

कंपनीचं नेटवर्क नव्यानं हातात आलं की लवकरच असं काहीतरी सापडतं: बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच सोडून दिलेल्या आवृत्तीचा अँटीव्हायरस, नवं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) येणं थांबलेली फायरवॉल, किंवा कोणी बसवला ते कुणालाच न आठवणारा व्हीपीएन गेटवे (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायचं दार). कोपऱ्यातला आयकॉन हिरवा असतो, म्हणून त्याला कोणी हात लावलेला नसतो. मी या कामातून गेलो आहे. त्यात सगळ्यात जास्त डोकं लागतं ते कामाचा क्रम ठरवायला. तो चुकला की एकतर मशीन उघडी पडतात किंवा सगळं ऑफिस ठप्प होतं.

पुढचं सगळं वाचताना दोन अटी डोळ्यांसमोर ठेवा. कोणतंही मशीन संरक्षणाशिवाय नेटवर्कवर राहता कामा नये. आणि एका मशीनवर दोन रिअल-टाइम स्कॅनर (फाइल उघडताक्षणी तपासणारे) एकाच वेळी चालता कामा नयेत. दोन स्कॅनर एकाच फाइलवर झडप घालतात, मशीन गोठतं, आणि वैतागलेला वापरणारा दोन्ही बंद करून टाकतो.

"चालतंय ना, मग राहू दे" असं तुम्हाला वरिष्ठ म्हणतील. त्यांना सांगायला दोन ठोस मुद्दे हाताशी ठेवा.

पहिला मुद्दा: सुरक्षा सॉफ्टवेअर मशीनवर सर्वोच्च अधिकारानं चालतं आणि बाहेरून आलेली प्रत्येक फाइल स्वतः उघडून बघतं. निवृत्त झालेल्या रखवालदाराकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या राहाव्यात, तशी ही स्थिती आहे. २०१६ मध्ये गुगलच्या दोष शोधणाऱ्या प्रोजेक्ट झीरो गटातल्या टॅविस ऑर्मंडी यांनी सिमँटेक आणि नॉर्टनच्या उत्पादनांत गंभीर दोष दाखवून दिले. पॅक केलेल्या फाइल सोडवणारा कोड विंडोजवर थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, चालत होता. ईमेलमधून फाइल नुसती आली तरी पुरे होतं, ती कोणी उघडण्याचीही गरज नव्हती. २०१७ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मालवेअर इंजिनमध्येही तसाच दोष निघाला. दोन्ही वेळा दुरुस्ती आली, कारण ती उत्पादनं सपोर्टमध्ये होती. सपोर्ट संपलेल्या उत्पादनात असा दोष निघाला तर तो तसाच राहतो.

दुसरा मुद्दा कमी लोकांना माहीत असतो. जुना अँटीव्हायरस विंडोजचे पॅचही अडवू शकतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांचे पॅच आले, तेव्हा अँटीव्हायरसनं सुसंगततेची खूण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग जिथे साठतात तिथे) लिहिली नसेल तर मायक्रोसॉफ्ट त्या मशीनला सुरक्षा अपडेटच देत नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये विंडोज ७ चे अपडेट एसएचए-२ या नव्या डिजिटल स्वाक्षरीनं येऊ लागले आणि सिमँटेक किंवा नॉर्टन असलेल्या मशीनवर ते काही काळ थांबवावे लागले. सपोर्टमधल्या आवृत्त्यांची अडचण सुटली. ज्यांची आवृत्ती सोडून दिलेली असते त्यांच्यासाठी असं कोणी धावून येत नाही.

सुरुवात करण्याआधी हे जमवा:

- अँटीव्हायरसच्या मध्यवर्ती कन्सोलचा (सगळ्या मशीनवरचा अँटीव्हायरस एका जागेवरून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) प्रशासक लॉगिन
- एजंट (प्रत्येक मशीनवर बसवलेला अँटीव्हायरसचा भाग) काढायचा पासवर्ड
- लायसन्सची कागदपत्रं, खरेदीची बिलं आणि सपोर्ट कराराची प्रत
- अॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतल्या मशीनची आणि लॉगिनची विंडोजमधली नोंदवही) आणि ग्रुप पॉलिसी (तिथून सगळ्या मशीनना लागू होणाऱ्या सेटिंग) वाचण्याचा अधिकार
- बिटलॉकरच्या (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनच्या) रिकव्हरी की, आणि त्या खरंच चालतात याची एक-दोन मशीनवर केलेली खात्री
- स्विच, डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) आणि फायरवॉलच्या नोंदी बघण्याची परवानगी
- बदलाला लेखी मंजुरी देणारा एक अधिकारी, नावानिशी

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तोंडी "हो, करा" वर हे काम सुरू करू नका.

१. नेमकं काय संपलंय ते आधी ठरवा

"सपोर्ट संपला" हे एका तारखेचं प्रकरण नसतं. उत्पादन, त्याची आवृत्ती, स्कॅनिंग इंजिन, व्हायरस डेफिनिशन (व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी), लायसन्स आणि खालची ऑपरेटिंग सिस्टिम, या प्रत्येकाची तारीख वेगळी असू शकते. मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी एसेन्शियल्सचं उदाहरण घ्या. विंडोज ७ बरोबर त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पण डेफिनिशन २०२३ पर्यंत देऊ असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं होतं. त्या काळात स्क्रीनवर "अप टू डेट" दिसायचं, आणि प्रोग्रॅममधले दोष मात्र दुरुस्त होणार नव्हते. आजची डेफिनिशन आली म्हणजे सॉफ्टवेअर सुरक्षित आहे, असं कधीही धरू नका.

उलट फसगतही होते. लायसन्स संपलेलं असतं, आवृत्ती मात्र सपोर्टमध्ये असते. तिथे काढाकाढीची गरज नाही, रिन्यूअल पुरे.

तारीख शोधताना उत्पादन बनवणाऱ्या कंपनीचं अधिकृत जीवनचक्र पान बघा. विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका. कंपन्या विकल्या जातात आणि उत्पादनांची नावं बदलतात: सिमँटेकचा कॉर्पोरेट व्यवसाय २०१९ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेला, मॅकॅफी एंटरप्राइझ आणि फायरआय मिळून २०२२ मध्ये ट्रेलिक्स झालं. जुन्या नावानं शोधलं की काहीच मिळत नाही आणि माणूस समजतो, तारीखच नाही. कधी सपोर्ट सरकारी आदेशानंही थांबतो. अमेरिकेच्या वाणिज्य विभागानं जून २०२४ मध्ये कॅस्परस्कीवर बंदी घातली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर तिथल्या ग्राहकांना अपडेट देणं बंद झालं. तुमच्या कंपनीच्या शाखा अनेक देशांत असतील तर एकच उत्पादन एका शाखेत चालू आणि दुसरीत बंद, असंही होऊ शकतं.

२. यादी बनवा, आणि कन्सोलवर विश्वास ठेवू नका

कन्सोलला फक्त त्याच्याशी बोलणारी मशीन दिसतात. आपल्याला हवी असतात ती न बोलणारी. म्हणून तीन याद्या वेगवेगळ्या काढा: अॅक्टिव्ह डिरेक्टरीतली मशीन, नेटवर्कवर प्रत्यक्ष दिसणारी मशीन (डीएचसीपी, स्विचच्या नोंदी, एनमॅप या नेटवर्क धुंडाळणाऱ्या साधनाचं स्कॅन), आणि कन्सोलमधली मशीन. तिन्ही शेजारी ठेवा. ज्या ओळी जुळत नाहीत तिथेच तुमचं खरं काम आहे. या जुळवणीला घाई करू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या या यादीवर उभ्या आहेत.

मशीनवर काय बसवलंय हे पॉवरशेलनं तपासताना दोन सापळे आहेत. डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती देणाऱ्या सेवेतला विन३२-प्रॉडक्ट नावाचा वर्ग वापरू नका. तो नुसती यादी देत नाही, तर एमएसआयनं (विंडोजच्या इन्स्टॉलरनं) बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची तपासणी करतो आणि काही वेळा दुरुस्तीही सुरू करतो. चालत्या सर्व्हरवर हे नको. त्याऐवजी रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉल नोंदी वाचा, आणि ३२-बिट व ६४-बिट अशा दोन्ही जागी बघा. दुसरा सापळा सिक्युरिटी सेंटरच्या यादीचा. विंडोज १० आणि ११ वर कोणता अँटीव्हायरस नोंदवलाय ते तिथे दिसतं. विंडोज सर्व्हरवर ही यादीच नसते. रिकामं उत्तर आलं म्हणून सर्व्हरवर काही नाही, असा निष्कर्ष काढू नका.

नेहमी नजरेतून सुटणाऱ्या जागा: बंद ठेवलेली व्हर्च्युअल मशीन आणि त्यांचे जुने स्नॅपशॉट (त्या-त्या वेळी साठवलेल्या प्रती), नवीन मशीन तयार करायची मूळ इमेज, यंत्राला किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेले कॉम्प्युटर, कपाटातले राखीव लॅपटॉप, घरून काम करणाऱ्यांची मशीन.

आणि फक्त कॉम्प्युटर बघून थांबू नका. फायरवॉल, व्हीपीएन गेटवे, ईमेल गाळणारी उपकरणं, प्रॉक्सी (मशीन आणि इंटरनेट यांच्या मधला सर्व्हर) हीसुद्धा सुरक्षा सॉफ्टवेअरच आहेत, आणि ती थेट इंटरनेटला तोंड देऊन बसलेली असतात. मायक्रोसॉफ्टचं फोरफ्रंट टीएमजी हे फायरवॉल-प्रॉक्सी उत्पादन १४ एप्रिल २०२० ला पूर्णपणे संपलं. ते अजून कुठे प्रॉक्सी म्हणून चालू असेल तर ती तुमच्या यादीतली पहिली ओळ. जुलै २०२१ मध्ये सोनिकवॉलनं स्वतः इशारा दिला होता, की सपोर्ट संपलेल्या ८.एक्स फर्मवेअरवरच्या त्यांच्या जुन्या रिमोट अॅक्सेस उपकरणांवर रॅन्समवेअरचा (फाइल अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) हल्ला होतो आहे.

३. कोणाला आधी हात घालायचा

एका ओळीत सांगायचं तर: इंटरनेटला उघडं असलेलं आधी, त्यानंतर डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर), बॅकअप आणि फाइल सर्व्हर, मग रोजची मशीन. संख्येच्या दबावाला बळी पडू नका. शेकडो डेस्कटॉप साफ केल्याचा अहवाल छान दिसतो, पण एक जुना व्हीपीएन गेटवे उरला तर दार उघडंच आहे.

४. बदल होईपर्यंतचं कुंपण

खरेदी, मंजुरी, चाचणी यांत वेळ जाणारच. तोवर जुनं मशीन तसंच सोडायचं नाही.

त्याला वेगळ्या व्हीएलएएनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) टाका आणि कामापुरतेच पोर्ट उघडे ठेवा. इंटरनेट आणि ईमेल बंद करा. यूएसबी बंद करा. एसएमबी या फाइल-शेअरिंग पद्धतीची आवृत्ती १ बंद करा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तो याच वाटेनं, आणि त्याचा पॅच दोन महिने आधी मार्चमध्येच आलेला होता. रिमोट डेस्कटॉप फक्त एका ठरावीक जंप सर्व्हरवरून (इतर मशीनमध्ये शिरण्यासाठीच ठेवलेल्या मधल्या मशीनवरून) चालेल असं करा. स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड प्रत्येक मशीनवर वेगळा हवा, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं लॅप्स हे साधन वापरता येतं. मशीनवर ठरलेलेच दोन-चार प्रोग्रॅम चालत असतील तर विंडोजमधल्या अॅपलॉकरनं तेवढ्यांनाच परवानगी द्या. माझ्या मते अशा मशीनवर जुन्या अँटीव्हायरसपेक्षा ही परवानगी यादी जास्त उपयोगी पडते.

उपकरण असेल तर त्याचं व्यवस्थापनाचं पान इंटरनेटवरून बंद करा, न लागणाऱ्या सेवा बंद करा आणि लॉग दुसरीकडे पाठवायला लावा. मात्र इंटरनेटला उघड्या असलेल्या, फर्मवेअर न येणाऱ्या व्हीपीएन गेटवेला कुंपण पुरत नाही. तो बंदच करावा लागतो. व्यवस्थापनाला हे स्पष्ट शब्दांत सांगा.

काही मशीन खरोखर हलवता येत नाहीत. त्यांची लेखी अपवाद-नोंद करा: काय आहे, का ठेवलंय, कोणते उपाय केलेत, उरलेला धोका कोणी स्वीकारला आणि पुन्हा कधी तपासायचं. सीआयएस कंट्रोल्स या सुरक्षा-उपायांच्या मान्य यादीच्या आठव्या आवृत्तीतला २.२ हा नियम नेमकं हेच मागतो. तारीख नसलेला अपवाद मान्य करू नका, तो कायमचा होऊन बसतो.

५. नवं उत्पादन निवडताना

इथे फार रेंगाळत नाही, कारण हा निर्णय बजेट आणि आधीच्या लायसन्सवर ठरतो. दोनच गोष्टी तपासा. एक, नव्या उत्पादनाचा एजंट तुमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो का, आणि किती काळ चालणार. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट विकत घेतले तरी अँटीव्हायरसची कंपनी त्या सिस्टिमला साथ देईलच असं नाही. दोन, विंडोजबरोबर येणारा डिफेंडर अँटीव्हायरस वापरणार असाल तर विंडोज १० आणि ११ वर दुसरा अँटीव्हायरस काढला की तो स्वतः जागा होतो, आणि दुसरा आला की बाजूला होतो. सर्व्हरवर असं आपोआप होत नाही. तिथे तुम्हालाच चालू-बंद ठरवावं लागतं, नाहीतर एकतर दोन चालतात किंवा एकही नाही.

६. काढण्याआधी काय वाचवायचं

कन्सोलचा पूर्ण बॅकअप घ्या. एजंट आणि कन्सोल एकमेकांना की किंवा प्रमाणपत्रानं ओळखतात. कन्सोलचा सर्व्हर मधेच मेला तर एजंट ऐकेनासे होतात, आणि काढायचा पासवर्ड मिळवणं जिकिरीचं होतं.

जुन्या संचात डिस्क एन्क्रिप्शनचा भाग आहे का ते नक्की बघा. असेल तर आधी डिस्क पूर्ण डिक्रिप्ट करायची, मगच सॉफ्टवेअर काढायचं. उलटं केलं तर मशीन सुरूच होणार नाही. या पायरीवर डेटा जाऊ शकतो, म्हणून एका चाचणी मशीनवर करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक्सक्लूजनची (स्कॅनमधून वगळलेल्या जागांची) यादी उतरवून घ्या, पण नव्या उत्पादनात जशीच्या तशी ओतू नका. वर्षानुवर्षं कोणीतरी "हे स्कॅन करू नको" असं सांगत आलेलं असतं, आणि अख्खी ड्राइव्ह वगळलेलीही सापडते. प्रत्येक ओळीला मालक विचारा. डेटाबेस आणि डोमेन कंट्रोलरसाठी त्यांच्या कंपन्या काय वगळायला सांगतात ते नव्यानं बघा.

क्वारंटाइनमध्ये (संशयास्पद फाइल बाजूला ठेवण्याच्या जागेत) अडकलेली कामाची फाइल आहे का ते तपासा. ऑडिटसाठी जुने लॉग बाहेर काढा.

एक गोष्ट हमखास राहते: व्हीपीएन किंवा नेटवर्क प्रवेशाची तपासणी. "या नावाचा अँटीव्हायरस असेल तरच आत घे" असा नियम अनेक ठिकाणी असतो. तो आधी बदलला नाही, तर जुनं काढताच घरून काम करणारे सगळे बाहेर राहतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायचा रस्ताही तोच असतो.

७. टप्प्याटप्प्यानं बदला

पहिला टप्पा आयटी विभागाच्या स्वतःच्या मशीनवर. दुसरा, प्रत्येक विभागातलं एखाददुसरं मशीन, हिशेबाचं खास सॉफ्टवेअर असलेलं धरून. मग तिसऱ्या पायरीतल्या क्रमानं सर्व्हर, एकेक, ठरवलेल्या वेळेत. उरलेली मशीन शेवटी, विभागवार. सुट्टीच्या आदल्या दिवशी काहीही सुरू करू नका. सपोर्टमधलं, नावाजलेलं उत्पादनही एका फटक्यात सगळीकडे गेलं तर काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. नव्या उत्पादनाचे अपडेटही टप्प्यानं येतील अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करा.

एका मशीनवरचा क्रम असा: कन्सोलमधून छेडछाड-संरक्षण (अँटीव्हायरस कोणी बंद करू किंवा काढू नये म्हणून असलेलं कुलूप) बंद करा, एजंट काढा, रीस्टार्ट करा, नवा एजंट बसवा, अपडेट होऊ द्या, तपासा. मधल्या वेळात मशीन बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, किंवा त्या वेळात डिफेंडर खरंच चालू झालाय याची खात्री करा.

साध्या पद्धतीनं निघत नसेल तर बहुतेक कंपन्यांचं स्वतःचं सफाईचं साधन असतं, आणि त्यातली काही सेफ मोडमध्येच चालवावी लागतात. सेफ मोडमध्ये जाताना बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो, म्हणून ती वर यादीत ठेवली आहे. ही साधनं कंपनीच्या अधिकृत पानावरूनच घ्या. शोधात वर येणारे "अनइन्स्टॉलर" बऱ्याचदा भलतेच असतात. रजिस्ट्रीतून हातानं नोंदी उडवणं टाळा. फिल्टर ड्रायव्हर (फाइल आणि नेटवर्कची ये-जा मधे राहून तपासणारा भाग) अर्धवट राहिला तर नेटवर्क किंवा डिस्क बंद पडते.

८. नुसतं बघू नका, तपासा

एफएलटीएमसी ही कमांड चालवून जुना फिल्टर ड्रायव्हर उरलाय का ते बघा. विंडोज फायरवॉल चालू आहे का बघा. जुना संच तिची जागा घेतो, आणि ती बंद ठेवणारी ग्रुप पॉलिसी मागे राहून जाते. डिफेंडर बंद करणारी जुनी पॉलिसीही अशीच मागे राहते.

मग आयकार चाचणी फाइल वापरा. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी मजकूर फाइल आहे, आणि अँटीव्हायरसनी ती पकडावी असं उद्योगात ठरलेलं आहे. स्थानिक डिस्कवर, नेटवर्क शेअरवर आणि झिपमध्ये घालून, अशा तिन्ही रीतींनी बघा. मशीनवर पकडली गेली एवढ्यावर थांबू नका: कन्सोलवर सूचना आली का, आणि ती एखाद्या माणसानं वाचली का? देखरेख करणाऱ्यांना आधी कळवा. या फाइलनं फक्त फाइल-स्कॅनिंग तपासलं जातं, वर्तनावरून धोका ओळखण्याची क्षमता नाही.

९. मागचं आवरा

मूळ इमेजमधून जुना एजंट काढा. स्टार्टअप स्क्रिप्ट, ग्रुप पॉलिसी आणि सॉफ्टवेअर वाटणारी सिस्टिम तपासा. हे राहिलं तर आज काढलेला एजंट पुढच्या रीस्टार्टला परत बसतो, आणि आता नव्याशी भांडतो.

जुन्या कन्सोलचं सर्व्हिस अकाउंट बंद करा. सगळ्या मशीनवर प्रोग्रॅम बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, आणि त्याचा पासवर्ड बहुधा कधीच बदललेला नसतो. त्याच्यासाठी फायरवॉलमध्ये उघडलेले पोर्ट बंद करा, डीएनएसमधली नोंद काढा, लॉग घेणाऱ्या सिस्टिममधला जोड काढा. उपकरण बदललं असेल तर त्यावरची प्रमाणपत्रं रद्द करा, त्यात साठवलेले पासवर्ड बदला आणि मगच ते पुसून बाहेर द्या. कन्सोलच्या सर्व्हरची एक बंद प्रत मात्र काही काळ ठेवा. दोन महिन्यांनी एखादा हरवलेला लॅपटॉप परत येतो आणि त्यावरचा एजंट काढायला तोच पासवर्ड लागतो.

१०. पुढची तारीख आत्ताच लिहा

एक साधी स्प्रेडशीट पुरते: उत्पादन, आवृत्ती, कुठे आहे, मालक कोण, विक्री बंद होण्याची तारीख, सपोर्ट संपण्याची तारीख, बदलाचं काम सुरू करण्याची तारीख. शेवटचा रकाना सपोर्ट संपण्याच्या किमान वर्षभर आधीचा असावा, म्हणजे तो खर्च पुढच्या बजेटमध्ये धरता येतो. मालकाच्या रकान्यात "आयटी विभाग" लिहू नका, माणसाचं नाव लिहा, आणि तो नोकरी सोडून जाताना ही ओळ कोणाकडे द्यायची ते हस्तांतराच्या कागदात घाला. कंपनी कार्डनं पैसे घेत असेल तर पीसीआय डीएसएस या कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षा मानकातला १२.३.४ हा नियम लागू होतो. त्यानुसार वापरातलं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दर १२ महिन्यांनी किमान एकदा तपासायचं असतं, आणि ऑडिटर आला की हीच स्प्रेडशीट दाखवता येते. नवं उत्पादन बसलं त्याच दिवशी त्याची ओळ यात भरा, आणि सपोर्ट संपण्याची तारीख जाहीर झालेली नसेल तर ती पुन्हा बघण्याचा दिवस त्या रकान्यात टाका.